खिडकीला रंग लावण्यापूर्वी

गेल्या वर्षी ईद पाच दिवसांवर आली असताना आम्ही घरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या रंगवायला काढल्या. भिंतींना रंग देऊन झाला होता, पडदे धुऊन वाळत होते आणि नव्या भिंतींमध्ये जुन्या खिडक्या आधीपेक्षा जास्तच कळकट दिसू लागल्या होत्या. एके काळची चंदेरी चौकट काळपट पडलेली, खालच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचे ठिपके, हँडलांवर वर्षानुवर्षांच्या बोटांचे डाग. आमचे घर रत्नागिरीत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा इथे कपाटातल्या कुलपालाही सोडत नाही, तिथे खिडकीची काय कथा!

लोखंडी ग्रिलला लावून उरलेला तपकिरी ऑइल पेंटचा डबा माळ्यावर होता. रंग आहे, ब्रश आहे, दोन हात आहेत, मग अडचण कसली? दोन रात्री तरावीहनंतर बल्बच्या उजेडात आम्ही सगळ्या चौकटी रंगवून टाकल्या. ओल्या फडक्याने धूळ तेवढी पुसली होती. ईदच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "खिडक्या नव्या बसवल्या वाटतं?" आम्ही होही म्हणालो नाही आणि नाहीही.

जुलै उजाडला. तीन दिवसांच्या संततधारेनंतर जरा उघडीप मिळाली, तशा आमच्या अम्मी फडके घेऊन खिडकी पुसायला गेल्या. थोड्याच वेळात त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात तपकिरी रंगाची वीतभर लांब पट्टी होती, कांद्याच्या सालीसारखी, अखंड निघालेली. म्हणाल्या, "हा घ्या तुमचा रंग. जपून ठेवा, पुढच्या ईदला कामी येईल."

त्याच आठवड्यात दुसरे संकट कळले. आमच्या रंगाने खिडकीच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची बारीक भोके बुजली होती. पावसाचे पाणी ट्रॅकमध्ये साठून आत झिरपले आणि दिवाणावरची गादी खालून भिजली. रंग लावून आम्ही खिडकी सुधारली नव्हती, बिघडवली होती.

अब्बांच्या खिडक्या

या खिडक्या अब्बांनी बसवलेल्या. आधीच्या लाकडी चौकटी वाळवीने पोखरल्या, तेव्हा १९९६ साली निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ही अ‍ॅल्युमिनियमची कामे करून घेतली. त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात अशा खिडक्या दोन-तीन घरांतच होत्या. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी मात्र त्यांनी कारागिराकडून मुद्दाम खाली, नेहमीपेक्षा दीड वीत खाली बसवून घेतली होती. अम्मी ठेंगण्या, त्यांचा हात वर पोहोचत नसे. अब्बांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. कडी तिथेच आहे.

पोपडे निघालेल्या चौकटी पाहून आम्ही नव्या खिडक्यांचा विचार केला आणि अंदाज काढायला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात निरोप दिला. मोजमाप घ्यायला जो तरुण आला, तो आमचाच विद्यार्थी निघाला.

आम्ही दोघेही शिक्षक. एक उर्दू शाळेत विज्ञान शिकवतात, दुसऱ्या भाषा. हा मुलगा आमच्या शाळेत दहावीपर्यंत होता. नववीत असताना आम्हीच त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले होते की, याचे पुस्तकात मन नाही, याला एखादे हुन्नर शिकवा. तेव्हा ते बोलणे आम्हाला व्यवहारी वाटले होते. त्याच्या वडिलांची मान खाली गेलेली आम्ही पाहिली होती आणि पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून निघून गेलो होतो.

त्याने चौकटीवर बोट फिरवले, नखाने एक पोपडा काढला, शटर उचलून ट्रॅकच्या बाहेर घेतले, सेक्शनची जाडी पाहिली. टेप खिशात ठेवून म्हणाला, "सर, सेक्शन जाड आहेत. कोपरे घट्ट आहेत. हे फेकू नका. रोलर, रबर आणि स्क्रू बदला. रंग तुम्हीच करा, पण नीट करा."

नव्या खिडक्यांचा जो आकडा निघाला असता, तो आमच्या मुलीच्या फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या फीच्या आसपास गेला असता. त्या फीची जुळवाजुळव त्याच महिन्यात चालली होती. हे त्याला ठाऊक नव्हते. खिडक्या विकणे हा त्याचा धंदा, तरी तो नको म्हणाला.

मग विचारले, "मॅडम, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड असतो हे सरांनी आम्हाला शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं."

"मग तो घासून काढायचा कसा राहिला?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

रंग का धरत नाही

दहावीच्या विज्ञानात धातुविज्ञानाच्या धड्यात हे सगळे येते. लोखंडाला हवा-पाणी लागले की गंज चढतो. उर्दूत त्याला ज़ंग म्हणतात. लढाईची जंग वेगळ्या अक्षराने लिहितात, पण लोखंडाशी गंजाची चालते ती लढाईच. गंज सच्छिद्र असतो, सुटतो, आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पडते. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, जेमतेम दोन-चार नॅनोमीटरचा. हा थर धातूला घट्ट चिकटून असतो आणि आतल्या धातूपर्यंत हवा जाऊ देत नाही. म्हणून वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर १८८४ साली बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा मनोरा रंगाशिवाय आजही शाबूत आहे. त्या काळी हा धातू चांदीच्या तोलाचा मानला जाई. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची रीत शोधली आणि मग तो स्वयंपाकघरापर्यंत आला.

म्हणजे कोरड्या हवेच्या गावी, सोलापूर-लातूरकडे, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला रंगाची तशी गरज नसते. दिसायला हवा म्हणून लावायचा तर लावावा. किनाऱ्यावर गोष्ट वेगळी. हवेतल्या मिठातला क्लोराइड त्या ऑक्साइडच्या थराला ठिकठिकाणी भेदतो. तिथे बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी वर येते. चौकटीच्या खालच्या पट्टीवर ही भुकटी जास्त दिसते, कारण मीठ आणि ओल तिथेच बसून राहते.

आता रंगाकडे पाहू. ऑइल पेंटला धरायला काहीतरी खडबड लागते. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यावर धूळ, हाताचे तेल, स्वयंपाकघराच्या फोडणीचा चिकट थर आणि मिठाची भुकटी. आमचा रंग धातूला चिकटलाच नव्हता. तो या घाणीला चिकटला होता. शिवाय ऊन पडले की अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सैल धरलेला रंग त्या ओढाताणीत सुटतो आणि मागे पाणी शिरले की सालीसारखा निघतो. रात्री रंगवल्यामुळे चूक आणखी वाढली होती. किनाऱ्यावर रात्री हवेत ओल असते आणि थंड पडलेल्या धातूवर डोळ्यांना न दिसणारे दव बसते. आम्ही दवावर रंग मारला होता.

आधी खिडकी ओळखा

सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या सारख्या नसतात. रंगाचे दुकान गाठण्यापूर्वी आपली खिडकी तीन प्रकारांपैकी कोणती, ते पाहून घ्यावे.

पहिला प्रकार कोरा धातू. चंदेरी दिसतो, जुना झाल्यावर राखाडी पडतो, पांढऱ्या ओल्या फडक्याने जोरात पुसले की फडक्यावर काळपट डाग उमटतो. आमच्या खिडक्या या जातीच्या.

दुसरा अ‍ॅनोडाइझ केलेला. यात विजेच्या प्रक्रियेने तोच नैसर्गिक ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेला असतो, बाहेरच्या खिडक्यांसाठी साधारण १५ ते २५ मायक्रॉन. तो धातूसारखाच चमकतो, पण फडक्याला डाग देत नाही. इलेक्ट्रिशियनच्या मीटरच्या दोन टोकांनी वरवर तपासले तर वीज जात नाही, कारण हा थर वीजरोधक असतो.

तिसरा पावडर कोटिंगचा. यात रंगाची कोरडी पावडर चिकटवून १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. स्पर्शाला प्लास्टिकसारखा, रंग एकसारखा. उन्हाने जुना झाला की बोटाला खडूसारखी पूड लागते.

कोऱ्या धातूला त्यासाठीचा एच प्रायमर लागतो. या प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असते. ते धातूला अगदी बारीक कुरतडते आणि मग स्वतः धरून बसते. पावडर कोटिंग शाबूत असेल तर ते खरवडून काढायचे कारण नाही. पूड निघेपर्यंत धुवावे, बारीक घासावे आणि जुन्या रंगावर चालणारा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. अ‍ॅनोडाइझ केलेली चौकट ठीक असेल तर आमचा सल्ला असा की रंगाच्या वाटेला जाऊच नये. नुसती धुऊन ती वर्षानुवर्षे चालते.

दुकानात दुकानदार बहुधा लोखंडाचा लाल रेड ऑक्साइड पुढे करील. तो अ‍ॅल्युमिनियमसाठी नाही. पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर या धातूवर धरतो, जुने कारागीर अजून तोच वापरतात, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याची धूळ घरात उडवणे बरे नव्हे. डब्यावर 'अ‍ॅल्युमिनियमसाठी' असे लिहिलेला, क्रोमेट नसलेला प्रायमर मागावा. जुन्या खिडकीवर पिवळा प्रायमर दिसला तर तो कोरडा घासू नये.

दिवाळीच्या सुट्टीत

पाऊस संपून हवा कोरडी व्हायची आम्ही वाट पाहिली. दिवाळीच्या सुट्टीत मुहूर्त लागला. त्या मुलाने एका रविवारी येऊन पहिल्या खिडकीचे काम आमच्याकडून करवून घेतले. स्वतः करून दिले नाही. स्टुलावर बसून सांगत राहिला. चुकले की "सर, परत" म्हणायचा. हा शब्द आम्ही त्याला किती वेळा ऐकवला असेल!

सगळ्यात आधी सरकती शटर्स वर उचलून, खालून आत ओढून काढली. रबर, ट्रॅकला लावलेली ब्रशची पट्टी, रोलर, कुलूप, हँडल असे जे सुटे होईल ते सुटे केले. प्रत्येक खिडकीचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले आणि वाटीत चिठ्ठी टाकली. ही वाट्यांची सूचना अम्मींची.

मग धुणे. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे पातळ द्रावण. इथे एक इशारा. चिकटपणा घालवायला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमवर चुकूनही टाकू नये. अल्कली या धातूला खाते आणि तो काळा पडतो. कॉस्टिकशी तर अशी क्रिया होते की हायड्रोजन वायू निघतो. ओले सिमेंट आणि चुना यांचे शिंतोडेही याच कारणाने चौकटीवर कायमचे डाग पाडतात. संडासाचे आम्लाचे क्लीनरही नको. साबण आणि हिरवी घासणी पुरे.

धुतल्यावर जुना तपकिरी रंग खरवडला. सुटलेला होता तिथे सहज निघाला, आणि आश्चर्य म्हणजे काही ठिकाणी निघेना. तिथे त्याच्या कडा घासून सपाट केल्या. मग वॉटर पेपर. पांढऱ्या भुकटीच्या खड्ड्यांवर १८० नंबरचा, बाकी सगळीकडे ३२० नंबरचा, पाण्यात बुडवून. ओले घासले की धूळ उडत नाही. चमक जाऊन चौकट एकसारखी मंद दिसेपर्यंत घासायचे. कोपऱ्यात हात थांबतो, आणि रंग सुटायला सुरुवात नेमकी कोपऱ्यापासून होते. एका चार बाय चार फुटांच्या खिडकीला आम्हाला दोन तास लागले.

घासून झाल्यावर त्याने एक परीक्षा सांगितली. चौकटीवर स्वच्छ पाणी ओतायचे. पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झाले तर तेलकटपणा बाकी आहे. आमचे पाणी हँडलाच्या जागेभोवती गोळा झाले. "सर, परत." पुन्हा धुतले, पुन्हा घासले. तिसऱ्या वेळी पाणी चादरीसारखे पसरले आणि आमची मुलगी दारातून टाळ्या वाजवू लागली.

चौकट पूर्ण कोरडी झाल्यावर थिनरमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने एकाच दिशेने पुसली. फडके मळले की बदलायचे, नाही तर तीच घाण पुढे पसरते. यानंतर उघड्या हाताने चौकटीला शिवायचे नाही. काच आणि भिंतीच्या कडेला मास्किंग टेप लावली. पाण्याच्या भोकांत आगपेटीच्या काड्या खोचून ठेवल्या.

प्रायमर त्याच दिवशी, घासल्यानंतर काही तासांत लावायचा. उशीर झाला की पुन्हा ओल, धूळ आणि मीठ बसते. एच प्रायमर दोन डब्यांत येतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात दोन्ही मिसळायचे आणि एका बैठकीला लागेल तेवढेच करायचे. थर पातळ हवा, इतका की खालचा धातू जरा दिसावा. जास्त लावले म्हणजे जास्त मजबूत, हा आपला हिशेब इथे उलटा पडतो. जाड थर आतून कच्चा राहतो. या प्रायमरवर कोणता रंग चालतो, हेही डब्यावर लिहिलेले असते. काही इपॉक्सी त्यावर चालत नाहीत.

रंगाचे दोन पातळ हात दिले. पहिल्या आणि दुसऱ्या हातात एक दिवस जाऊ दिला, मध्ये ४०० नंबरच्या पेपरने हलके फिरवले. वेळ सकाळी दहानंतरची, म्हणजे दव उडालेले असते. पश्चिमेच्या खिडक्या दुपारपूर्वी आटोपल्या, कारण तापलेल्या चौकटीवर रंग वरून साय धरतो आणि ब्रशच्या रेघा उठून दिसतात. रंग राखाडी निवडला. गडद रंग उन्हात जास्त तापतो, आणि पांढऱ्याला अम्मींची हरकत होती. खाडीच्या मच्छरांचा प्रत्येक डाग पांढऱ्यावर मोजता येतो, असे त्यांचे म्हणणे.

घरातल्यांची काळजी

थिनर आणि प्रायमरच्या वाफा नाकातोंडात जातात, डोके धरते. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. म्हणून समोरासमोरची दारे उघडी ठेवावीत, गॅस आणि देवळीतला दिवा बंद असावा, उदबत्तीही नको. दम्याचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्या दोन दिवसांत दुसऱ्या खोलीत, जमल्यास नातेवाइकांकडे ठेवावे. रमजानमध्ये रोजा असताना हे काम काढू नये. रिकाम्या पोटी, पाण्यावाचून थिनरच्या वासात उभे राहणे शरीराला पेलत नाही, हे आता आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग कारागीर फवाऱ्याने मारतात. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तो रंग घरात फवारण्याच्या फंदात पडू नये. ब्रशने लावायचा साधा रंग आपल्याला पुरतो. थिनरची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. बाहेर पसरून वाळवावीत, मग टाकावीत.

आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, एवढे ऐका: चौकटीच्या बाहेरच्या बाजूसाठी खिडकीतून अंग बाहेर काढू नका. शटर्स आत काढून खोलीत रंगवता येतात. पक्क्या चौकटीची बाहेरची बाजू हाताला येत नसेल तर तशीच राहू द्या किंवा परात बांधून काम करणाऱ्या माणसाला बोलवा. सोसायटीत असाल तर बाहेरून दिसणाऱ्या रंगाबद्दल आधी विचारून घ्या.

काय रंगवू नये

ट्रॅकचा आतला भाग, जिथे रोलर फिरतो, तो रंगवू नये. रंगाची जाडी चढली की शटर अडते आणि अडलेले शटर पहिल्या आठवड्यातच रंग खरवडून काढते. रबर आणि ब्रशच्या पट्टीवर रंग गेला की ती कडक होते. कडीचा सरकता दांडा, बिजागरीची पिन, कुलपाची जीभ यांनाही रंग नको. हँडल आणि कडीची पट्टी रंगवायची असेल तर ती काढून, सुटी, वेगळी रंगवावी आणि चौकटीपेक्षा जास्त दिवस वाळू द्यावी, कारण हाताची झीज तिथेच होते.

स्क्रू बसवताना जुने गंजलेले लोखंडी स्क्रू परत वापरू नयेत. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की एक झिजतो, आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. आम्ही स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ग्रीस लावून बसवले.

कुठे थांबावे, तेही सांगायला हवे. सेक्शन वाकलेले असतील, कोपऱ्याचे सांधे उघडले असतील, खड्डे आरपार गेले असतील तर रंगाने काही साधणार नाही. पैसे आणि सुट्टी वाया जाईल. हाती थोडे पैसे असतील आणि खिडकी सुटी करता येत असेल तर ती कारखान्यात देऊन पुन्हा पावडर कोटिंग करून घेता येते. भट्टीतल्या रंगाचा टिकाऊपणा घरच्या ब्रशला येणार नाही. घरच्या रंगाला दर पाच-सहा महिन्यांनी साबणपाण्याने धुवावे लागते आणि कुठे खरचटले तर लगेच ठिगळ द्यावे लागते.

टेपची परीक्षा

आठवड्याने तो मुलगा पुन्हा आला. पडद्याआड झाकल्या जाणाऱ्या एका कोपऱ्यात त्याने ब्लेडने बारीक फुली मारली, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. आम्ही दोघे, मुलगी आणि अम्मी असे चौघे श्वास धरून उभे होतो. चिकटपट्टी कोरी निघाली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली, आमच्या हातात दिली आणि म्हणाला, "पास."

पैसे घेईना. शेवटी रोलर-रबरचे तेवढे घेतले. निघताना आम्ही धीर करून नववीतली ती गोष्ट काढली. त्याच्या वडिलांना जे सांगितले, ते बरोबर केले नाही असे म्हणालो. तो थोडा वेळ चपलेकडे पाहत राहिला. म्हणाला, "हुन्नर शिकवा म्हणालात ते ठीक होतं, सर. पण मन नाही म्हणालात, ते अब्बांनी धरून ठेवलं. अजून कधी कधी म्हणतात." आणि स्कूटर सुरू करून गेला.

या जून महिन्यात नव्या वर्गाची ओळख करून घेताना आम्ही दोघांनीही आपापल्या शाळेत ठरवले की पालकांसमोर मुलाबद्दल असा निकाल द्यायचा नाही. ठरवले तसे अजून तरी पाळले आहे. त्याच्या वडिलांना भेटायला जायचे मात्र बाकी आहे. ते येत्या रविवारी.

पाऊस पुन्हा आला आहे. अम्मी फडके घेऊन खिडक्या पुसतात आणि फडके कोरे निघाले की आम्हाला हाक मारून दाखवतात. मुलगी फार्मसीच्या वर्गात जाऊ लागली आहे. स्वयंपाकघराची खिडकी राखाडी रंगात छान दिसते. फक्त तिची कडी तशीच आहे, कोरी, मधोमध अंगठ्याने झिजलेली. रंगवायला काढली तेव्हा अम्मी म्हणाल्या, "ही राहू दे." आम्ही त्या मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "बरोबर आहे दादींचं. सरकणाऱ्या वस्तूला रंग लावत नाहीत."